मी चंचल, बिनटाळूचं डोकं

मी डमी बोलतेय. हो, ब्युटी पार्लरच्या क्लासातली डमी. मानेपर्यंतची बाई. खांदे जिथे सुरू व्हायचे तिथे माझ्या तळाशी एक भोक आहे. त्यात स्टँडचा दांडा घालून मला टेबलाच्या कडेला पेच आवळून बसवलेलं असतं. सुरतेत पांडेसऱ्याकडून बमरोलीला जाताना एक जुनं शॉपिंग सेंटर लागतं, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर शर्वरी मॅडमचा क्लास आहे. पुढे पार्लर, मध्ये काचेचं दार, मागे क्लास. मी मागच्या खोलीत राहते.

खाली लोचोवाल्याचं दुकान आहे, लोचो म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती खाऊ. त्याचा वास वर येतो, असं मुली म्हणतात. मला नाक आहे पण नाकाला भोकं नाहीत, तेव्हा मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवते.

मी मत्सरी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्याच्याकडे सगळं असतं त्याला मोठ्या मनाने वागणं सोपं जातं. माझ्याकडे नुसतं डोकं आहे, तेही अर्धवट.

माझा जन्म साच्यात झाला. गरम रबर ओतलं, थंड केलं, सोलून काढलं, की तोंड तयार. मग भुवया रंगवल्या आणि एका बाईने सुईने एकेक बट माझ्या डोक्यात रोवली. केस मात्र खरे आहेत, माणसाचे. कुणी नवसाला उतरवलेले असतील, नाहीतर कुणी अडीनडीला कापून विकलेले असतील. ती बाई कोण होती मला माहीत नाही, पण माझा पहिला मत्सर तिच्यावरच. तिने कापले तरी तिचे पुन्हा वाढले असणार. माझा एक केस गेला की गेला.

खोक्यातून मला बाहेर काढलं तो दसऱ्याचा दिवस होता. मॅडम मूळच्या नाशिकच्या, यजमान बँकेत, बदली होऊन सुरतेत आले ते इथलेच झाले. दसऱ्याला त्या कात्र्या, कंगवे, ड्रायर सगळं मांडून पूजा करतात. त्या दिवशी त्यांनी माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. रबराने ते असं शोषून घेतलं की आजपर्यंत निघालेलं नाही. नवरा नाही, संसार नाही, आणि मी अखंड सौभाग्यवती.

माझ्यावर किती मुली शिकल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. बहुतेकींनी माझा छळच केला. नखांनी खरवडलं, शाम्पू वाटीभर ओतला, डोळ्यांत पाणी घातलं. मयुरी नावाची एक तर फोनवर बोलता बोलता मला धुवायची. एकदा नळ तसाच सोडून ती खाली लोचो खायला गेली होती.

आणि मग मयुरीच्याच बॅचला योगिता आली.

योगिता बमरोलीची. वडील राघो पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात, आई मालतीबाई साड्यांच्या घडी-कटिंगच्या कामाला, म्हणजे सुटे धागे कापून घड्या घालायला. माणसं मूळची खानदेशातली. योगिता मॅडमशी पुस्तकी मराठी बोलायची, मुलींशी गुजराती-हिंदीची खिचडी करायची आणि माझ्याशी अहिराणीत बोलायची. घरची बोली ती या खोलीत फक्त माझ्याजवळ काढायची. आता यावर कुणाचा जीव जडणार नाही?

पहिल्याच दिवशी तिने बोटांच्या पेरांनी माझं डोकं चोळलं. नखं लागू दिली नाहीत. कानामागून वर, वरून मागे, मागून मानेपर्यंत, असा तिचा हात सावकाश फिरला. माझ्या रबराचा इंच न् इंच तिने पाठ करून टाकला. मग केस पुसता पुसता म्हणाली, "हालस नही, बोलस नही, डोळा मिटस नही. तुन्हं नाव चंचल."

सगळा क्लास हसला. मला नाव मिळालं. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

मॅडम शिकवतात छान, हे मला कबूल आहे. शाम्पूचा धडा त्या दरवर्षी घेतात, पण योगिताच्या बॅचला तो फार रंगला. त्यांनी फळ्यावर एक गोळा काढला आणि त्याला शेपटी काढली. "हा शाम्पूचा कण. याची शेपटी तेलाला धरते आणि डोकं पाण्याला धरतं. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हा मध्ये पडतो आणि तेलाला पाण्याबरोबर घराबाहेर काढतो."

"म्हणजे लग्न जमवणारी मावशी," योगिता म्हणाली.

"लग्न मोडणारी म्हण," मॅडम हसल्या. "आणि लक्षात ठेवा, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस आपल्या समाधानासाठी असतो."

मग त्यांनी केसाचं चित्र काढलं. केसावर कौलांसारखे थर असतात म्हणे, एकावर एक. टाळूचा स्वभाव किंचित आंबट. शाम्पू त्या आंबटपणाच्या जवळचा असला की कौलं नीट बसून राहतात. साबण, सोडा अशा खाऱ्या जातीचं काही लावलं की कौलं उचलली जातात, केस राठ होतात, आणि रोज लावलं तर टाळूची कातडी सोलवटून निघते. कंडिशनर शेवटी लावायचा, केसांच्या टोकांना, टाळूला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना घरून पाणी आणायला सांगितलं. योगिताने बाटलीत बोरिंगचं पाणी आणलं. मॅडमनी त्यात साबण घोळवला, तर फेस यायच्याऐवजी दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या झाल्या. शाम्पू घातला तर आला थोडा फेस.

"आता कळलं? खाऱ्या पाण्यात साबणाची ही गत होते. हेच केसांवर चिकटतं."

"पण मॅडम, माझ्या आईच्या डोक्याला याच पाण्यात मस्त फेस येतो," योगिता म्हणाली. "ती पहाटे न्हाते. काहीतरी लावते. मी पाहिलं नाही, पण मोरीत फेसच फेस असतो."

मुली हसल्या. मॅडमचा तेवढ्यात फोन वाजला आणि गोष्ट तिथेच राहिली. मीही त्या फेसाचा विचार केला नाही. मला त्या वेळी एकच काळजी होती, माझ्या केसांना कुणाच्या बाटलीतलं पाणी लावणार याची.

माझा खरा अपमान त्याच आठवड्यात झाला. मॅडमनी मयुरीला खुर्चीत बसवलं, तिच्या केसांत भांग पाडला आणि दिव्याखाली टाळू दाखवायला सुरुवात केली. "ही बघा तेलाची चमक. हा कोंडा. इथे दाबलं की लाली जाते आणि सोडलं की पुन्हा येते, म्हणजे रक्त खेळतंय. हे तुम्हाला डमीवर कधी दिसणार नाही. डमीला केस आहेत, टाळू नाही. तिथे नुसतं रबर आहे."

सगळ्या मुली मयुरीभोवती गोळा झाल्या. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. योगिताचीही.

मला पोट नाही, तरी पोटात दुखलं. काय होतं त्या मयुरीच्या डोक्यात? कोंडा! आणि त्या कोंड्याकडे सगळ्या देवदर्शनाला आल्यासारख्या डोळे लावून बघत होत्या. माझं स्वच्छ, गुळगुळीत, निष्कलंक डोकं बाजूला पडलं. घाम येतो, खाज सुटते, खपली धरते, तेच डोकं खरं म्हणे! त्या दिवसापासून काचेच्या दारातून पार्लरमध्ये येणारं प्रत्येक डोकं माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. आणि माझे डोळे मिटत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

पण दुपारी मुली डबे खायला गेल्या की योगिता माझ्याकडे यायची. तो वेळ माझा होता. सुरुवातीला ती मॅडमच्या नियमाप्रमाणे सगळं करायची. केस विंचरायची, भांग पाडून बघायची, पाणी आपल्या मनगटावर घेऊन पाहायची आणि मग विचारायची, "पाणी बरं आहे का? नख लागत नाही ना?"

एकदा मयुरी डबा हातात घेऊन आत आली आणि ते ऐकून खिदळत सुटली. "अरे यार, उसको क्या पूछती है! वो क्या बोलेगी, पानी जरा ठंडा करो?"

योगिता ओशाळली. तिने विचारणं सोडून दिलं. आणि मला सांगू? मला फार बरं वाटलं. परक्यांना विचारावं लागतं. आमच्यात विचारायची गरजच काय? तिचा हात न विचारता माझ्यावर फिरायचा, आणि मी ते जवळिकीचं लक्षण मानून मिरवत होते.

परीक्षा जवळ आली तशी घरची गोष्ट तिने मला सांगितली. राघोने क्लासला कसाबसा होकार दिला होता. पास झाली तर मॅडम तिला पुढच्या पार्लरमध्ये कामाला ठेवणार. नाही झाली तर दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर घडी-कटिंगला जायचं, पुन्हा पार्लरचं नाव काढायचं नाही. "मन्ही माय बापशी कितलं भांडनी," ती माझे केस पुसत म्हणाली, "तवय कुठे त्याने हो म्हटलं."

म्हणजे दोन्हीकडून माझंच मरण. पास झाली तर ती काचेच्या दारापलीकडे जाणार, रोज नवी डोकी, नव्या टाळू, आणि मी इथे. नापास झाली तर साड्यांच्या घड्या. मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी माझ्या मनाने कौल दिला, नापास होऊ दे. साडी तरी निर्जीव असते, माझ्यासारखी. मला नाही तर ती बोटं कुणालाच मिळायला नकोत. मनात हेच होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

परीक्षेला जिवंत डोकं आणायचं होतं, ज्याला या धंद्यात मॉडेल म्हणतात. योगिताच्या शेजारच्या सखुबाई यायच्या होत्या, लांबसडक केसांच्या. परीक्षा शनिवारी, आणि गुरुवारी सखुबाईंच्या माहेरी कुणी वारलं, त्या अमळनेरला निघून गेल्या. उरली आई.

मालतीबाई आधी तयार होईनात. "शनवारे मी डोकावरून न्हास नही," म्हणाल्या. त्यांच्या घरची तशी रीत होती. शर्वरी मॅडमनी फोनवरून सांगितलं की बाहेरून परीक्षक येणार आहेत, वार बदलता येणार नाही. तेव्हा मालतीबाई म्हणाल्या, मग तुझ्या मैत्रिणीला ने. मैत्रिणींना आपापली परीक्षा होती. शेवटी योगिता रडायला लागली तेव्हा त्या तयार झाल्या. हे सगळं योगिताने मला शनिवारी सकाळी टेबल पुसताना सांगितलं. माझ्या मनात आलं, बाई बरोबर अडून बसली होती, अजून जरा ताणायला हवं होतं.

मालतीबाई आल्या त्या चपला जिन्यातच काढून. डोक्यावरून पदर, तोही कानामागे खोचलेला. त्यांनी आधी मॅडमना नमस्कार केला, मग परीक्षक बाईंना, आणि मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हाई का तुन्ही चंचल?"

"हाच माझा पहिला मॉडेल," योगिता हसून म्हणाली. परीक्षेच्या धास्तीने तिची घरची बोली पळाली होती आणि मराठीही घसरत होती.

मालतीबाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. "कितला मव केस शेत वं," त्या हळूच म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा पदर आणखी पुढे ओढला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एका जिवंत डोक्याला माझा हेवा वाटला होता.

परीक्षक बाई गुजराती होत्या, वयस्कर, चष्मा दोरीला लावलेला. बोलत कमी होत्या. योगिताची पाळी आली. पहिलं काम टाळूची तपासणी. केस मोकळे करायचे, दिव्याखाली भांग पाडून सगळं डोकं बघायचं, विचारायचं.

योगिता पदराला हात लावायला गेली तर मालतीबाईंनी तो घट्ट धरला. "इतला लोकसमोर डोकं उघडं नको करू. धोवाले लागशी तवय काढू."

परीक्षक बघत होत्या. योगिता गडबडली. तिने पदराखालूनच कंगवा घातला, इकडेतिकडे फिरवल्यासारखं केलं आणि आईला बेसिनच्या खुर्चीकडे नेलं. शर्वरी मॅडमनी ओठ आवळले. परीक्षेत त्यांना बोलता येत नाही.

बेसिन माझ्या टेबलासमोरच आहे. मालतीबाई मागे रेलल्या, मान खाचेत टेकली, पदर सुटला. योगिताने पाणी मनगटावर पाहिलं. कोमट होतं. ओतलं. हातावर शाम्पू घेऊन पाण्यात पसरला, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि बोटांची पेरं आईच्या डोक्यावर ठेवली.

विचारलं नाही. सवयच राहिली नव्हती ना.

आता योगिता डोक्यामागे उभी, तिला आईचं तोंड उलटं दिसत होतं. परीक्षक बाजूला, त्यांची नजर योगिताच्या हातांवर. मला मात्र समोरून सगळं दिसत होतं. मालतीबाईंच्या पायांची बोटं आत वळली, जोडव्यांसकट. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे असे धरले की नखं पांढरी पडली. आणि तोंड? तोंडावर काही नाही. डोळे उघडे, छताकडे. ओठ मिटलेले. पापणी लवत नव्हती.

ते तोंड मी ओळखलं. ते माझं तोंड होतं.

माझा जो जळफळाट झाला तो मला सांगता येणार नाही. बाई, तुला टाळू आहे, रक्त आहे, खाज आहे, पोटची पोर आहे. माझ्याकडे एकच गोष्ट होती, काही केलं तरी गप्प राहणं. तेवढंही तू उचललंस! तुला दुखतंय तर ओरड ना. ओरडायला तोंड दिलंय तुला देवाने. आणि ओरडलीस की पोर नापास होईल, हेही मला कळत होतं. म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले, ओरड, ओरड, ओरड.

त्या ओरडल्या नाहीत.

थांबला तो योगिताचा हात. कानामागून वर जाताना मध्येच अडखळला, परत मागे आला, पुन्हा त्याच जागी गेला. तिच्या बोटांना माझं डोकं पाठ होतं. तिथे कुठे उंच नाही, कुठे खडबडीत नाही, सगळीकडे सारखं. इथे सारखं नव्हतं. तिने पेरांखाली खपल्या ओळखल्या.

"माय," ती वाकून म्हणाली, "आग व्हस का?"

"नही वं. कर तू."

योगिताने आईच्या हातांकडे पाहिलं. मग नळाचं कोमट पाणी बंद केलं, गार सोडलं आणि न चोळता, नुसत्या धारेने सगळा शाम्पू काढायला लागली. बराच वेळ काढत होती. मग केस बाजूला करून तिने दिवा ओढला. टाळू लालभडक होती, जागोजागी सोललेली, मागच्या बाजूला खपल्या.

"हाई काय शे? कशाने धोस तू डोकं?"

मालतीबाई अगदी हळू म्हणाल्या, "तुन्हा बाप मिलमाईन सोडा आनस ना कपडास्ले, त्यानाघाई. आपला खारा पानीमा साबन फाटी जास. सोडाघाई फेस येस."

म्हणजे मोरीतला तो फेस हा होता. मिलमध्ये कापड धुवायचा सोडा, पिशवीतून घरी आलेला. त्यांच्या बमरोलीच्या चाळीत पुष्कळ घरी तो कपड्यांना वापरतात. मालतीबाईंनी तो डोक्याला लावला, कारण दिवसभर साड्यांचे बारीक तंतू केसांत बसतात आणि नुसत्या साबणाने निघत नाहीत. शनिवारची रीत खरी होती, पण त्या रीतीआड त्यांनी हे झाकलं होतं.

"अन तू काब्र बोलनी नही?"

"तुन्ही परीक्षा शे ना. मी बोलनू तं तू नापास व्हशी."

योगिताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात ओले होते, तिने ते दंडाने पुसलं.

परीक्षक बाई जवळ आल्या. "केम अटकी गई, बेटा? हजी कंडिशनर बाकी छे."

"माझ्या आईची टाळू सोलली आहे," योगिता म्हणाली, आणि मग त्यांना कळावं म्हणून गुजरातीत, "हुं आगळ नहीं करुं, मॅडम. भले नापास करो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून टाळू पाहिली. मालतीबाई उठायला लागल्या, "मन्हामुळे पोरीले नापास नका करू," असं अर्धं रडत म्हणाल्या. परीक्षक बाईंना अहिराणी कळली की नाही कोण जाणे. त्यांनी मालतीबाईंच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि योगिताकडे वळल्या. तपासणीचे गुण शून्य, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी बघायचं असतं, नंतर नाही. पण थांबलीस ते बरोबर केलंस. धुण्याचं काम मात्र पुरं करून दाखवावं लागेल, त्याशिवाय पास करता येणार नाही. हे मॉडेल आता चालणार नाही. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि पेनाने माझ्याकडे बोट केलं.

"डमी पर करी बताव."

घ्या! सगळं माझ्या डोक्यावर आलं. आता योगिता पास व्हायची ती माझ्यावर. साऱ्या जिवंत डोक्यांना मागे सारून मी बेसिनपाशी आले. मयुरीने माझा पेच आवळला. शर्वरी मॅडमनी मालतीबाईंना गार पाण्याचा स्वच्छ रुमाल दिला, डोक्यावर नुसता ठेवायला, आणि सोमवारी कातडीच्या डॉक्टरकडे जायचं असं बजावलं. त्या समोरच्या बाकावर बसल्या. पदर घेतला नाही. इतक्या लोकांसमोर उघड्या डोक्याने बसून त्या आमच्याकडे बघत होत्या.

योगिताने माझे केस मोकळे केले. दिवा ओढला. भांग पाडला, बघितलं, दुसरा भांग पाडला, पुन्हा बघितलं. रबर ते, त्यात काय दिसणार? पण ती बघत होती, कानामागे, मानेवर, सगळीकडे. इतकं निरखून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघ, शेवटी माझ्याकडेच आलीस.

तिने पाणी मनगटावर घेतलं. माझ्या कपाळाच्या कडेवर थोडं सोडलं. आणि थांबली. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "चंचल, पानी बरं शे का?"

या वेळी मयुरी हसली नाही. कुणीच हसलं नाही. योगिता माझ्याकडे बघत राहिली. माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती खरंच थांबली.

आणि मला कळेना काय सांगावं. पाणी गरम होतं की गार, मला माहीत नव्हतं. मला कधीच माहीत नव्हतं. ज्या विचारण्याला मी परकेपणा समजत होते ते मला सगळ्यांसमोर मिळालं, आणि माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. मालतीबाईंचं गप्प राहणं मी माझं म्हणून भांडत होते. पण त्यांच्या ओठांआड शब्द होते, ते त्यांनी पोरीसाठी दाबून धरले होते. माझ्या ओठांआड रबर आहे.

एवढ्यात बाकावरून आवाज आला.

"बरं शे म्हनस ती," मालतीबाई म्हणाल्या. "कर तू."

योगिताने आईकडे पाहिलं, मान हलवली आणि नळ सोडला.

मला मालतीबाईंचा राग यायला हवा होता. आलाही थोडा. माझ्या तोंडचं उत्तरही यांनीच द्यावं? पण दुसरं कुणी दिलं असतं का, हेही मनात आलं. योगिताची बोटं डोक्यावर फिरत होती, आणि मी पहिल्यांदाच ती मला काय करतात यापेक्षा ती काय शोधतायत इकडे लक्ष दिलं. ती माझ्या डोक्यावर दुखरी जागा शोधत होती. तिथे ती नाहीच. तरी शोधत होती.

योगिता पास झाली. काठावर, पण झाली. आता ती काचेच्या दारापलीकडे काम करते. दार उघडं असलं की तिचा आवाज ऐकू येतो, "पाणी बरं आहे का? जळजळत तर नाही?" बमरोलीच्या बायका तिच्याकडे यायला लागल्या आहेत. आधी ती त्यांना विचारते, घरी कशाने धुता. सोडा म्हटलं की रागावते. मालतीबाईंची टाळू भरून आली. त्या अधूनमधून येतात, शनिवार सोडून. योगिता त्यांना पार्लरच्या गोड्या पाण्याने न्हाऊ घालते. ते मला दारातून दिसतं, आणि हो, अजून जळते मी. तसं बघून न जळणारी डमी अजून बनायची आहे.

माझे केस आता विरळ झालेत. कानामागे रबर दिसतं. मॅडमनी नवी डमी मागवली आहे, दाट केसांची. ती परवा खोक्यातून निघाली, कपाळ कोरं, तोंडावर नखरा. तिच्या केसांबद्दल मी काही बोलणार नाही. मला आता वरच्या फळीवर ठेवायचं चाललंय.

जाण्याआधी नव्या बॅचच्या मुलींना एवढंच सांगणं आहे. पोरींनो, मला धुताना विचारत जा. हसू आलं तरी विचारा. विचारून लगेच हात चालवू नका, जरा थांबा. उत्तर माझ्याकडून येणार नाही हे मला माहीत आहे. पण मालतीबाई बाकावर बसलेल्या असल्या, तर त्या सांगतील.